आधी लेबल, मग फॉर्म्युला: आयव्ही डोसचं गणित कसं शिकायचं

प्रश्न विचारणारी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, रोज घणसोलीहून ठाण्याला जाते, शाळा मराठी माध्यमाची. ती म्हणते, फॉर्म्युले पाठ आहेत, युनिट टेस्टला मार्कही बरे पडले, पण आयसीयू पोस्टिंगला इन्चार्ज सिस्टरनी "याचं नॉरअॅड किती माइकवर चाललंय?" (नॉरअॅड म्हणजे नॉरअॅड्रेनलिन, बीपी वाढवणारं औषध; माइक म्हणजे मायक्रोग्रॅम) असं विचारलं की डोकं बंद पडतं. तिचे तीन प्रश्न आहेत. नेमके कुठले फॉर्म्युले पाठ करायचे? वॉर्डात कॅल्क्युलेटर वापरला तर चालतं का? आणि गणित मुळात कच्चं असेल तर या कामात निभाव लागेल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तेच तुला आतून खातंय. निभाव लागेल. आयव्ही, म्हणजे शिरेतून द्यायच्या, डोसला लागणारं गणित सातवीच्या पुढचं नाही. गुणाकार, भागाकार, दशांश चिन्ह आणि एकमान पद्धत, एवढंच. "१२ वह्यांची किंमत ३०० रुपये, तर ७ वह्यांची किती?" हे गणित तू शाळेत शंभरदा केलं असशील. आधी एका वहीची किंमत काढायची, मग सातने गुणायचं. आयव्हीच्या हिशोबात वहीच्या जागी एक एमएल येतो, बाकी सगळं तसंच. मी बरीच वर्षं ठाण्यात आयसीयूत काढली, आता नवी मुंबईत मुलींना शिकवते. अडखळणाऱ्या मुलींपैकी गुणाकार न येणारी क्वचितच भेटते. त्या अडखळतात त्या गुणाकाराच्या आधीच.

वर्गात "डिझायर्ड अपॉन हॅव इनटू व्हॉल्यूम" शिकवतात, म्हणजे हवा तो डोस भागिले हातातलं औषध, गुणिले ते जितक्या एमएलमध्ये आहे ते. फॉर्म्युला बरोबरच आहे. पण त्यातलं "हॅव" पेपरात छापून दिलेलं असतं आणि वॉर्डात ते अँप्युलवर (औषधाच्या छोट्या कुपीवर) बारीक अक्षरात शोधावं लागतं. फॉर्म्युला तोंडपाठ असलेल्या मुलीच्या हातात मी केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) अँप्युल देते आणि विचारते, यात किती आहे? ती सांगते, "दहा एमएल." हे पाण्याचं माप झालं, औषध किती ते सांग म्हटलं की गप्प. म्हणून माझ्याकडे पहिले काही दिवस फॉर्म्युल्याला बंदी असते. फक्त एक प्रश्न: एका एमएलमध्ये किती? ट्रॉलीवरचं प्रत्येक अँप्युल, प्रत्येक व्हायल (रबरी बुचाची बाटली) उचलायची आणि हे मोठ्याने सांगायचं.

करून बघ, म्हणजे लेबलं किती तऱ्हांनी लिहिलेली असतात ते कळेल. काहींवर सरळ एमजी पर एमएल असतं. अॅमिकासिनच्या २ एमएलच्या व्हायलमध्ये ५०० एमजी, म्हणजे एका एमएलमध्ये २५०. काहींवर टक्के असतात. टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये तेवढे ग्रॅम. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये २ ग्रॅम, म्हणजे एका एमएलमध्ये २० एमजी. टक्क्याला दहाने गुणलं की एमजी पर एमएल मिळतं, हे एकदा स्वतः वहीत करून पटवून घे, मग विसरणार नाहीस. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) ५० टक्के म्हणजे ५०० एमजी पर एमएल, २ एमएलच्या अँप्युलमध्ये बरोबर १ ग्रॅम. अॅड्रेनलिनवर पूर्वापार गुणोत्तर असतं: एकास हजार म्हणजे १००० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे एका एमएलमध्ये १ एमजी. एकास दहा हजार म्हणजे त्याच्या दहावा हिस्सा, ०.१ एमजी. इथे आकडा मोठा झाला की औषध कमी होतं, आणि घाईत हे हमखास उलटं वाचलं जातं. केसीएलच्या १० एमएल अँप्युलमध्ये, १५ टक्क्यांचं असेल तर, साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम, म्हणजे एका एमएलला २.

आता हेपरिन बघ, रक्त गोठू न देणारं औषध. आपल्याकडे ५ एमएलच्या दोन प्रकारच्या व्हायल मिळतात. एकीत एमएलला १००० युनिट, दुसरीत एमएलला ५०००. आकार तोच, टोपण जवळजवळ तसंच, एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या. ५००० युनिट द्यायचे तर पहिलीतली पूर्ण व्हायल लागते, दुसरीतला फक्त एक एमएल. तुझा गुणाकार कितीही अचूक असो, हातात कुठली व्हायल आली यावर पाचपटीचा फरक पडतो. २००७ मध्ये अमेरिकेत डेनिस क्वेड या अभिनेत्याच्या नवजात जुळ्यांना एमएलला १० युनिटच्या जागी १०,००० युनिटचं हेपरिन दिलं गेलं, तेही एकापेक्षा जास्त वेळा. मुलं वाचली. तिथे कुणाचंही गणित चुकलं नव्हतं. दोन्ही व्हायल दिसायला सारख्या होत्या आणि लेबल वाचायचं राहिलं.

इन्सुलिनचा घोळ तर खास आपल्याकडचा. परदेशी पुस्तकं वाचून हा भाग समजणारच नाही, कारण तिथे बहुतेक सगळं १०० युनिटचं. आपल्याकडे ४० युनिट पर एमएलच्या व्हायल अजून सर्रास आहेत आणि १०० च्याही आहेत. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० युनिटच्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत ओढलंस, तर प्रत्यक्षात अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट आले. उलट केलंस तर २० च्या जागी फक्त ८. एकात पेशंटची शुगर कोसळणार, दुसऱ्यात हलणारच नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसणार. इन्फ्युजन (सिरिंज पंपातून सलग जाणारं औषध) लावताना साधारणतः ५० युनिट ५० एमएलमध्ये करतात, म्हणजे एका एमएलला एक युनिट. ४० च्या व्हायलमधून त्यासाठी १.२५ एमएल लागेल, १०० च्या व्हायलमधून ०.५ एमएल. एकदा हे एकास एक झालं की पुढे सोपं: ५० किलोच्या पेशंटला तासाला किलोमागे ०.१ युनिट म्हणजे ५ युनिट, पंपावर ५ एमएल.

इथवर एकही फॉर्म्युला लागलेला नाही, बघितलंस ना?

आता सलाईनचे थेंब. पुस्तकात ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका एमएलचे थेंब, १५ दिलेला असतो, काही पुस्तकांत १०. आपल्या वॉर्डात येणाऱ्या साध्या आयव्ही सेटचं पाकीट उलटं करून बघ, बहुतेक वेळा २० थेंब म्हणजे १ एमएल असं छापलेलं असेल. माइक्रोड्रिपवर (बारीक थेंबांच्या सेटवर) ६०. फरक किती पडतो? एक पाइंट, म्हणजे ५०० एमएल, ८ तासांत द्यायचा. तासाला ६२.५ एमएल. १५ धरून मिनिटाला १६ थेंब येतात, २० धरून २१. तू पुस्तकातला १५ धरून १६ थेंबांवर लावलंस आणि सेट २० चा असेल, तर तासाला ४८ एमएलच जाईल आणि आठ तासांची बाटली दहा तासांच्याही पुढे चालेल. रात्रपाळीची सिस्टर ओव्हर (पाळीचा ताबा) घेताना विचारणार, ही अजून संपली कशी नाही?

२० च्या सेटसाठी मी मुलींना एकच गोष्ट सांगते: तासाचे एमएल भागिले तीन म्हणजे मिनिटाचे थेंब. ६० भागिले २० तीन, म्हणून. माइक्रोड्रिपला तासाचे एमएल तेच मिनिटाचे थेंब. १५ चा सेट निघाला तर भागिले चार. हा शॉर्टकट कुठून आला ते कळलेलं असेल तरच वापर, नाहीतर रक्ताच्या सेटला कुणी वेगळा आकडा सांगितला की अडकशील. रक्ताच्या सेटचंही पाकीटच वाचायचं.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूच्या पेशंटनी वॉर्ड भरले की हा भाग दिवसभर हातात असतो. ४८ किलोची बाई, वॉर्निंग साइन्स (धोक्याची लक्षणं) आहेत, डॉक्टरांनी तासाला किलोमागे ५ एमएल लिहिलंय. २४० एमएल तासाला, भागिले तीन, ८० थेंब मिनिटाला. पुढे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि बीपी बघून ते ३ वर आणतील: १४४ एमएल, ४८ थेंब. मग २ वर: ९६ एमएल, ३२ थेंब. इथे डोस सारखा बदलत राहतो आणि प्रत्येक बदलाला तुला क्लॅम्प हलवून थेंब पुन्हा मोजायचे असतात. ८० थेंब डोळ्यांनी मिनिटभर मोजता येत नाहीत, मध्येच हुकतात. १५ सेकंदांत २० मोज. पण मंद ड्रिपला असं करू नकोस. मिनिटाला १० थेंबच पडत असतील तर १५ सेकंदांत दोन पडले की तीन यावर तुझं उत्तर ८ वरून १२ वर जातं. तिथे पूर्ण मिनिट दे. घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरच्या उंचीवर धर, मान वरखाली करत मोजलं की थेंब सुटतो. आणि लावून निघून जाऊ नकोस. पेशंटने कोपर दुमडलं, उठून बसली, नातेवाइकाने पलंग वर केला, की रेट बदलतो. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तिच्यावर तासातासाच्या खुणा करायची जुन्या सिस्टरांची पद्धत मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. २४० एमएलच्या रेटने एका तासाने बाटली निम्म्याच्या जवळ आली पाहिजे. नसेल आली, तर थेंब मोजण्यात काहीतरी चुकलंय.

आता तुझं नॉरअॅड. हे नीट बघू, कारण इथेच सगळ्या घाबरतात.

सरावासाठी साठ किलोचा पेशंट कधी घेऊ नये असं माझं मत आहे. साठ किलो आणि साठ मिनिटं एकाच ओळीत आली की कुठला साठ कशाचा ते कळत नाही, आणि एक साठ गाळला तरी उत्तर दिसायला बरं दिसतं. म्हणून ५० किलो घे. समज अँप्युलवर २ एमएलमध्ये ४ एमजी लिहिलंय. ते ओढून नॉर्मल सलाईन किंवा डेक्स्ट्रोज, जे तुमच्या युनिटचं ठरलेलं असेल, त्याने एकूण ५० एमएल केलं. पहिला प्रश्न तोच: एका एमएलमध्ये किती? ४ एमजी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. भागिले ५०. एका एमएलला ८० मायक्रोग्रॅम. हा ८० सिरिंजच्या लेबलवर लिहूनच टाक. औषधाचं नाव, किती एमजी किती एमएलमध्ये, एमएलला किती मायक्रोग्रॅम, तारीख, वेळ, सही.

ऑर्डर आहे ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट. मागून एकेक पदर सोडव. किलो आधी: ०.१ गुणिले ५०, मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. मग मिनिटाचा तास: ५ गुणिले ६०, तासाला ३०० मायक्रोग्रॅम. मग मायक्रोग्रॅमचे एमएल: ३०० भागिले ८०, तासाला ३.७५ एमएल. तीन ओळी, प्रत्येक ओळीशेवटी एकक लिहिलेलं. पुस्तकात हेच एका लांब अपूर्णांकात लिहिलेलं असतं. त्यात एकही पायरी दिसत नाही, म्हणून चूकही दिसत नाही.

पण इन्चार्ज सिस्टरनी तुला हे विचारलंच नव्हतं. त्यांनी उलटं विचारलं होतं. पंप ६ वर चालतोय, तर पेशंटला किती मिळतंय? वॉर्डात दहातल्या नऊ वेळा प्रश्न असाच येतो, आणि वर्गात तो जवळजवळ कधीच घेत नाहीत. त्याच तीन ओळी खालून वर चढ. ६ गुणिले ८०, तासाला ४८० मायक्रोग्रॅम. भागिले ६०, मिनिटाला ८. भागिले ५०, ०.१६. सिस्टरना सांग, "पॉइंट सोळा." राउंडला कन्सल्टंटही हेच विचारणार. म्हणून घरी सराव करताना प्रत्येक गणित दोन्ही दिशांनी कर. सुलटं करून उत्तर आलं की त्या उत्तरापासून मागे ऑर्डरपर्यंत ये. पोहोचलीस तर बरोबर, नाहीतर कुठली पायरी चुकली ते तिथेच दिसतं. तपासायला दुसरं कुणी लागत नाही.

नॉरअॅडची आणखी एक अडचण. काही लेबलांवर बायटार्ट्रेट क्षाराचं वजन असतं, काहींवर मूळ नॉरअॅड्रेनलिनचं. २ एमजी बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ एमजी मूळ औषध. तुझ्या युनिटमध्ये हिशोब कशावर धरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घे आणि मग तोच धर. अर्धे लोक एक धरतात आणि अर्धे दुसरं, असं एका आयसीयूत चालू शकत नाही.

आणि डबल स्ट्रेंथ. पेशंटला पाणी कमी द्यायचं असतं, म्हणून ५० एमएलमध्ये ८ एमजी करतात. एका एमएलला १६०. आता तोच डोस निम्म्या रेटने जायला हवा. जुनी सिरिंज सिंगल, नवी डबल, आणि बदलताना पंपावरचा ६ तसाच राहिला, की पेशंट ०.१६ वरून एकदम ०.३२ वर. बीपी उसळतं आणि सगळे पेशंटमध्ये काय झालं ते शोधत बसतात. सिरिंज बदलताना नवीन लेबल मोठ्याने वाचायचं आणि रेट नव्याने काढायचा, जुना रेट तसाच ओढायचा नाही. एका जुन्या नोकरीत मी असा आयसीयू पाहिलाय जिथे सिंगल स्ट्रेंथ आणि डबल स्ट्रेंथ दोन्हींसाठी एकाच रंगाचं लेबल वापरत. सांगूनही बरेच दिवस कुणी बदललं नाही. तुमच्याकडे तसं असेल तर निदान पेनाने "डबल" असं ठळक लिहायची सवय तू लावून घे.

"एकूण ५० एमएल" आणि "५० एमएलमध्ये घातलं" यांतही फरक आहे. डोपामिनचं अँप्युल ५ एमएलचं, त्यात २०० एमजी. ते ४५ एमएल सलाईनमध्ये घातलं तर एमएलला ४ एमजी. ५० एमएल सलाईनमध्ये ओतलं तर ५५ एमएल झालं आणि एमएलला ३.६ च्या आसपास. पेशंटला नऊ टक्के कमी. पंप तर ४ धरूनच चालणार.

लहान मुलांच्या वॉर्डात याच्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. आयव्ही पॅरासिटॅमॉलची १०० एमएलची बाटली असते, त्यात १ ग्रॅम, एमएलला १० एमजी. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ एमजी म्हणजे १८० एमजी, म्हणजे १८ एमएल. शीटवर १८० एमजी लिहिलेलं असतं आणि घाईत वाचणारा १८० एमएल वाचतो, मग पूर्ण बाटली लावतो. एमजी आणि एमएलच्या या गल्लतीने दहापट डोस गेल्याच्या घटना जगभर झाल्यात, औषधाच्या माहितीपत्रकातच याबद्दल इशारा असतो. म्हणून लहान मुलाला बाटली थेट लावायचीच नाही. १८ एमएल सिरिंजमध्ये किंवा बुरेटमध्ये (मापाच्या खुणा असलेल्या नळीत) काढून घ्यायचे आणि बाटली बाजूला ठेवायची. अॅड्रेनलिन मुलांसाठी १ एमएल अँप्युल अधिक ९ एमएल सलाईन असं करून घेतात, एमएलला ०.१ एमजी; मग किलोमागे ०.०१ एमजी म्हणजे किलोमागे ०.१ एमएल. १२ किलोला १.२ एमएल. क्रॅश कॉलमध्ये (हृदय बंद पडल्यावरच्या धावपळीत) हे काढत बसायला वेळ नसतो, म्हणून मुलाचं वजन आणि हा आकडा दाखल करतानाच बेडपाशी लिहून ठेवतात. वजन मात्र काट्यावरचं हवं. "अंदाजे बारा" हे वजन नव्हे. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) वजन ग्रॅममध्ये लिहितात, १८०० ग्रॅम म्हणजे १.८ किलो, तिथे दशांश चिन्ह एक घर इकडेतिकडे सरकलं की काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. पावडरच्या व्हायलमधून बाळाला भागच द्यायचा असतो तेव्हा पावडरही थोडी जागा घेते. किती पाणी घालून एमएलला किती होतं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं, ते बघ.

आता कॅल्क्युलेटर. वापर, खुशाल वापर. माणसाच्या जिवाशी खेळण्यापेक्षा मोबाईलमधला कॅल्क्युलेटर बरा. पण त्याआधी दोन गोष्टी. एक, पायऱ्या कागदावर लिहिलेल्या हव्यात. फक्त गुणाकार-भागाकार मशीनने करायचा. दुसरी, बटण दाबण्याआधी अंदाज सांगायचा. ३०० भागिले ८०: तीनपेक्षा जास्त, चारपेक्षा कमी. स्क्रीनवर ३७.५ आलं तर लगेच खटकलं पाहिजे. अंदाज न करता कॅल्क्युलेटर वापरणारी मुलगी ३७.५ सुद्धा पंपावर घालते, आणि पंप तक्रार करत नाही.

अंदाजाचा एक आणखी आधार म्हणजे अँप्युलची संख्या. एका डोसला पाच-सात अँप्युल फोडायला लागतायत असं दिसलं की थांबायचं आणि पुन्हा बघायचं. याला अपवाद आहेत आणि ते माहीत असायला हवेत. एक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या झटक्यांत) मॅगसल्फचा सुरुवातीचा डोस प्रिचर्ड पद्धतीने १४ ग्रॅम असतो: ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही नितंबांत. म्हणजे १४ अँप्युल. शिरेतल्या ४ ग्रॅमसाठी ८ एमएल औषधात १२ एमएल मिसळून २० एमएल करतात, म्हणजे २० टक्के होतं, आणि तेही सावकाश द्यायचं. फेनिटॉइनचंही (झटक्यांवरच्या औषधाचंही) तसंच: ५० किलोला किलोमागे २० एमजी, १००० एमजी, १०० एमजीचे १० अँप्युल. तिथे रेटही गणितात येतो. मिनिटाला ५० एमजीच्या वर नाही, म्हणजे किमान २० मिनिटं. आणि फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये ते खाली बसतं.

ऑर्डर वाचणं हाही गणिताचाच भाग आहे. "५०० एनएसमध्ये २ अँप्युल केसीएल" (एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन) असं शीटवर दिसलं तर लगेच भरायला घेऊ नकोस. ४० मिलिइक्विव्हॅलंट ५०० एमएलमध्ये, म्हणजे लिटरला ८०. हातावरच्या साध्या शिरेतून (पेरिफेरल लाइनमधून) साधारणपणे लिटरला ४० च्या वर नेत नाहीत, आणि मॉनिटरशिवाय तासाला १० च्या वरही. कदाचित पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असेल, कदाचित डॉक्टरांनी विचार करूनच लिहिलं असेल. विचारायचं. "सर, हे लिटरला ऐंशी होतंय, पेरिफेरल लाइन आहे, असंच लावू का?" आकडा सांगून विचारलेल्या प्रश्नावर सहसा कुणी चिडत नाही. "सर, हे बरोबर आहे ना?" असं विचारलं तर "हो, लावा" असं उत्तर मिळतं, मान वर न करता. केसीएल घातल्यावर बाटली चारपाच वेळा उलटीसुलटी कर; नाहीतर ते तळाशी बसतं आणि पहिल्या काही एमएलमध्येच बरंचसं जातं. शिरेतून सरळ ढकलायचं औषध तर ते नाहीच, हे तुला पहिल्या वर्षापासून ऐकवलं असेल.

लिहितानाही: अर्धा असेल तर ०.५, आधी शून्य. पाच असेल तर फक्त ५. त्यापुढे दशांश चिन्ह आणि शून्य लावलं की ते पन्नास वाचलं जातं. युनिट हा शब्द पूर्ण लिही, इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात.

डबल चेकबद्दल माझा एक हट्ट आहे. मैत्रिणीला "माझं ३.७५ आलंय, बघ बरं" असं म्हणायचं नाही. आकडा ऐकल्यावर डोकं त्या आकड्यापर्यंत पोहोचायचा रस्ता शोधतं. तिला ऑर्डर आणि अँप्युल दे, तिला वेगळ्या कागदावर काढू दे, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जुळले नाहीत तर सीनियर कोण हे बघून उत्तर ठरवायचं नाही, तिसऱ्यांदा काढायचं.

सरावासाठी वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. रिकाम्या खोक्यांवरची लेबलं बघ, हवं तर फोटो काढ, माहितीपत्रकं माग, फार्मसीत देतात. पेशंटचा केसपेपर मात्र फोटोत येता कामा नये. ट्रान्स हार्बरला घणसोली ते ठाणे जो वेळ मिळतो त्यात एक औषध पुरे: एमएलला किती, ५० किलोला इतका डोस तर पंपावर किती, आणि पंप अमुक वर तर डोस किती. ड्यूटीवर रोज एका पेशंटचा चालू ड्रिप किंवा पंप निवड, स्वतः हिशोब कर आणि ओव्हरच्या आधी सिस्टरना दाखव. बहुतेक सिस्टर खूश होतात. एखादी "आता वेळ नाही" म्हणेल, तर दुसऱ्या दिवशी दुसरीला विचार.

राहिला पहिला प्रश्न, पाठ काय करायचं. एककांची रूपांतरं: १ ग्रॅम म्हणजे १००० एमजी, १ एमजी म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, टक्के गुणिले दहा. २० च्या सेटला भागिले तीन. बाकी काढता येतं. परीक्षेत मात्र प्रश्नात १५ चा ड्रॉप फॅक्टर दिला असेल तर १५ च घे, तिथे पाकीट उलटं करायला जाऊ नकोस. पायऱ्या लिही, कारण उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. थेंब पूर्ण आकड्यात लिही, २०.८ ला २१. पंपाचा रेट एक-दोन दशांशापर्यंत चालतो, पंप जितका घेतो तितका.